पुलापाशी मिळालेला खो

बसा नीट. लाईट यायला वेळ हाय. उद्या खो-खोची फायनल, तुमच्यातल्या एकालाबी झोप यायची न्हाय. मग ऐका. पण मधी खिदळायचं न्हाय, हर्षे, तुलाच सांगतोय.

तीन वर्षांमागं आपला माकणीचा संघ पहिल्यांदा पगारी झाला, खेळायचे पैसे मिळाया लागले. तवर खेळायचं आन घरी येऊन आईच्या शिव्या खायच्या, एवढंच होतं. त्या हिवाळ्यात ढोकी मारलं, तुळजापूर मारलं, लोहाऱ्यात तर समोरच्यांना पळता भुई थोडी केली. भूमची फायनल तेवढी राहिली होती. आन मधीच शांतलिंग गेला. आमचा सगळ्यात चपळ गडी. पुलावर उसाची ट्रॉली बंद पडलेली, मागं दिवा न्हाय. पोरगं गाडीसकट तिच्यावर गेलं.

त्याच्या जागी रणधीरला घेतलं. गुणी पोरगं, जरा भित्रं. फायनलचा आदला दिवस, शनिवार, पौषातली अमावस्या. दिवेलागणीला म्या त्याला म्हणलं, "शांतलिंगच्या आईकडं संघाचा शर्ट हाय, तेवढा घेऊन ये. नवा शिवायला आता वेळ न्हाय."

शांतलिंगची आई धुरपताबाई पुलापलीकडं शेतातल्या वस्तीवर राहती. तिनं शर्ट धुऊन, घडी घालून ठेवला होता. रणधीरला चहा पाजला आन म्हणाली, "अंगात घालूनच जा बाळा, गारठा हाय." त्यानं घातला.

फटफटीवरनं निघाला. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. पूल जवळ आला तसं गाडीचं मागचं चाक जरा दबलं. मागं कुणी बसल्यावर दबतं, तसं. आरशात बघायचा त्याला धीर झाला न्हाय.

मग पाठीवर हात पडला. आन कानापाशी...

"खो."

आता तुमीच सांगा. खो मिळाल्यावर गडी काय करतो? इचार करतो? मागं बघतो? उठतो. रणधीर उठला. चालत्या गाडीवरनं. कडंच्या मातीत जाऊन पडला. आन बघतो तर... गाडी पडली न्हाय. सरळ चालली. हँडल कुणी धरल्यावाणी. पुढं अंधारात ट्रॉली उभी. हिलाबी दिवा न्हाय.

आवाज झाला. मग काही न्हाय.

रणधीर चालत गावात आला. साधं खरचटलंबी न्हवतं. पण बसंना. खुर्ची दिली, बसंना. उभ्यानंच जेवला. रातभर ह्याच मैदानात येरझाऱ्या. म्या इचारलं, "काय रे, काय होतंय?"

"बापू, मला खो मिळालाय. माझ्या जागी तो बसला. आता मला बसायचं तर कुणाला तरी खो द्यावा लागंल. ज्याला देईन, त्यानं कुठं जायचं?"

ह्या पोराला आता जन्मभर बसता यायचं न्हाय का काय, असं वाटाया लागलं.

भूमला त्याला फक्त बचावाला उतरवलं. पाठलागात दुसरा गडी बसवला, खो द्यायची पाळीच येऊ दिली न्हाय. बाद झाला न्हाय शेवटपर्यंत. ढाल आपली झाली. सगळे नाचत होते, आन हा एका बाजूला उभा. डोळे तांबडे, पाय थरथरतायत. जिंकल्याचं सुख मला न्हाय लाभलं.

परतीला समदे टेम्पोत बसले. हा दांडी धरून उभा. पूल आला. ह्यानं केबिनवर थाप मारली. टेम्पो थांबला. हा उतरला... अंधारात गेला. आमी कुणी हललो न्हाय.

मग ऐकू आलं. हळूच.

"खो."

मातीत कुणी उठल्यासारखं झालं...

पावलं आली. रणधीर वर चढला. आन बसला. फळीला टेकला, मान टाकली, झोपला. म्या तोंडावर टॉवेल धरून रडलो.

काय म्हणतीस, हर्षे?

...व्हय. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं असतंय. मला ते घरी जाऊन आडवं झाल्यावर सुचलं. मग टेम्पोत येऊन बसला तो कोण... न्हाय माहीत. रणधीर आता बरा हाय. दर सोमवारी धुरपताबाईकडं जेवाया जातो. ती म्हणती, मिठाचा डबा कुठं हाय ते त्याला सांगावं लागलं न्हाय.

त्या रातीनंतर उजाडायला म्या पुलावर गेलो. दहिवर पडलेलं, समदी माती गार, ओली. कडंला दोन चवड्यांचे ठसे. टाचा उचललेल्या. पुढं बोटं टेकलेली. तोंड रस्त्याकडं... उठायच्या तयारीत बसलेल्या गड्याचे.

म्या ठशात हात ठेवला.

माती कोमट होती.