ओनोचा साप

"तुमचा कोट हलतोय," शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला.

इमकेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उत्तर जर्मनीतल्या एम्डेनच्या बंदरावरून वारा येत होता. त्यात पाऊस किती आणि बर्फ किती हे सांगणं कठीण होतं, आणि बसथांब्याच्या काचेआड ती दोघंच होती.

"म्हणजे, तुम्ही स्थिरच आहात. फक्त कोट हलतोय."

"साप आहे," ती म्हणाली. आता हा दोन पावलं मागे सरकेल आणि आपली सुटका होईल, असं तिला वाटलं.

तो अर्धं पाऊल पुढे आला. "पोटाशी धरलाय, हे बरं केलंत. ऊब मिळते त्याला. केवढा आहे?"

"पेन्सिलीएवढा. आता तर तेवढाही जाड राहिला नाही." एवढं बोलून ती थांबणार होती... पण जनावरांच्या डॉक्टरकडून येताना तिने सगळं मनात दाबून धरलं होतं, ते बाहेर आलंच. "खात नाही तो. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, घाबरलाय. पण असाच उपाशी राहिला तर उन्हाळा बघणार नाही. माझ्या भावाचा आहे. भाऊ नोव्हेंबरात गेला."

तो 'अरेरे' म्हणाला नाही. त्याने विचारलं, "उंदीर वरून धरता, की बाजूने?"

"वरून."

"वरून येतो तो बगळा. जेवण नेहमी बाजूने येतं."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"माझ्याकडे तीन आहेत. चावून चावून शिकवलंय त्यांनी."

इमके हसली नाही, पण बऱ्याच दिवसांनी हसू ओठांपर्यंत आल्याचं तिला जाणवलं. त्याचं नाव हाउके. समुद्राच्या बांधामागच्या एका गावात राहायचा आणि चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करायचा. लांबून तिची बस दिसली, तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "शनिवारी येऊन दाखवाल का, कसं भरवायचं ते?" आणि मग बसमध्ये सगळा वेळ आपल्या धिटाईने लाजत बसली.

तिचा भाऊ ओनो बंदरावर कामाला होता. ओल्या शिडीवरून पाय घसरला आणि तो जहाज आणि धक्का यांच्या मधल्या फटीत गेला. साप त्याने आदल्याच आठवड्यात आणला होता. त्याचं काही नाव ठेवलं असेल, तर ते सांगायचं राहून गेलं. आता त्याच्या खोलीत ती काचपेटी होती, तिचा पिवळा दिवा होता, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आई होती. आई दिवसभर खिडकीशी बसायची. "काढून टाक ते," एवढं एकच वाक्य ती त्या खोलीविषयी बोलायची.

शनिवारी हाउके आला, तेव्हा उंदराचं गोठवलेलं पिल्लू गरम पाण्यात ठेवलेलं होतं.

"हे भांडं कसलं?"

"सुपाची वाटी."

"तुम्ही यातूनच सूप पिता?"

"आई पिते," इमके हळूच म्हणाली.

त्याने दाराकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग आपण दोघांनी ही गोष्ट कबरीपर्यंत न्यायची."

ती वाटी त्याने उकळत्या पाण्याने धुतली आणि सापासाठी कायमची बाजूला काढली. पिल्लू पिशवीत घालून पुन्हा कोमट पाण्यात ठेवलं. मऊ आणि उबदार झाल्यावर ते कागदाने कोरडं केलं. ओल्याला पेटीतला भुसा चिकटतो, आणि तो पोटात गेला तर सापाच्या जिवावर बेततं. म्हणून पेटीत एक सपाट ताटली ठेवली. चिमटा हातभर लांब. बोटाला उंदराचा वास लागला की सापाला बोट आणि उंदीर यांतला फरक कळत नाही. आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे.

"आता?"

"आता टॉवेल टाकायचा आणि निघून जायचं."

"बघायचं नाही?"

"तुमच्यासमोर कुणी ताट ठेवलं, आणि तुमच्या दसपट मोठा माणूस वाकून तुमच्या तोंडाकडे बघत बसला, तर?"

"आई बसते तशीच."

"मग? जेवता का?"

इमकेने टॉवेल पेटीवर टाकला. तिचा स्वेटर खांद्यांवर लोंबत होता, हे त्याने तेव्हाच पाहिलं असावं.

ती दोघं स्वयंपाकघरात चहा प्यायला बसली. आई पाठ करून खिडकीशी. इमकेने तिसरा कप ओतला, चौथाही ओतला. पुरे झालं की कपात चमचा ठेवायचा, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. हाउकेचा चमचा बशीतच होता.

"तुम्हाला चहा फार आवडतो," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या दिवशी साप जेवला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. परत गोठवता येत नाही, म्हणून हाउके ते पिल्लू कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, आणि दोघं शेजारी उभी राहून नळाखाली हात धुवायची. साबण एकच होता. तो या हातातून त्या हातात जाताना थोडा जास्तच वेळ लागायला लागला होता.

आणि मग एका शनिवारी टॉवेल उचलला, तर ताटली रिकामी. सापाच्या अंगात मधोमध एक छोटासा फुगवटा होता. इमकेने हाउकेची बाही घट्ट धरली.

"आता दोन दिवस हात लावायचा नाही हं," निघताना तो म्हणाला. "अगदी काहीही झालं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी इमकेने झाकण उघडलं. साप हलत नव्हता. झोपला असेल... पण हलत नव्हता. तिने त्याला उचललं. तो तिच्या हातात आखडला, तोंड वासलं, आणि अर्धवट पचलेलं ते पिल्लू तिच्या मनगटावर ओकून टाकलं. खोलीभर कुजका वास पसरला.

हाउके दुपारी आला. पेटी साफ केली, पाणी बदललं. मग बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिला.

"आता आठ-दहा दिवस काही द्यायचं नाही. त्यानंतर निम्म्या आकाराचं. पुन्हा ओकला तर मात्र... लहान आहे तो." तो अडखळला. "झाकण दिवसातून किती वेळा उघडता?"

"श्वास चालू आहे का, तेवढंच बघते."

"किती वेळा?"

"मला काय माहीत! रात्री पण उघडते. मग?"

"तो घाबरतो ते..." त्याने श्वास घेतला. "तुम्हाला घाबरतो. दुसरं काही कारण नाही. माझ्याकडे द्या त्याला. मागच्या खोलीत कुणी जात नाही. जगेल तो."

इमकेचा चेहरा पांढरा पडला. "ओनोचं आणखी काय उरलंय माझ्याकडे? सांग ना! त्याचे बूटही मिळाले नाहीत, आणि तू हे मागतोस? चल, जा इथून! जा!"

तो गेला. तो जिना उतरत असताना तिच्या लक्षात आलं, आपण पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणालो, आणि तेही हाकलून देताना.

त्यानंतर तिने झाकण उघडायचं नाही असं ठरवलं. हात मांडीखाली दाबून ती पेटीसमोर बसायची. ओनो पाण्यात पडला, तेव्हा ती दुकानात पडदे निवडत होती. निळे की राखाडी. तिचं लक्ष नव्हतं. आता तिचं लक्ष होतं, आणि त्या लक्षानेच हा जीव वाळत चालला होता... संध्याकाळी तिचा हात आपोआप झाकणावर गेला. आत साप कोपऱ्यात अंग चोरून बसला.

तिने कापडी पिशवी घेतली.

ती बाहेर निघाली, तेव्हा आई पॅसेजमध्ये उभी होती. हातात ओनोची लोकरीची टोपी. "पिशवी टोपीत ठेव," ती म्हणाली. "बाहेर थंडी आहे." आणि पुन्हा खिडकीकडे गेली.

हाउकेने दार उघडलं. इमकेने टोपी त्याच्या हातात दिली. "आत येतेस?" त्याने विचारलं. त्याचं ते 'येतेस' तिला ऐकू आलं. तिने मान हलवली, नाही, आणि परतीच्या बसने तशीच निघून आली.

त्यानंतरच्या दिवसांत ती रिकाम्या खोलीत जायची आणि बाहेर यायची. पेटीतला दिवा तिने बंद केला नव्हता. हाउकेचा फोन आला नाही. तीच तसं म्हणाली होती, जा म्हणून.

मग एका दुपारी फोन वाजला.

"खाल्लं," तो म्हणाला. "निम्म्या आकाराचं दिलं होतं. परवा. मुद्दामच दोन दिवस थांबलो सांगायला. ओकला नाही, इमके. आज बाहेर येऊन पाणी प्यायला आणि दगडाखाली जाऊन झोपला."

ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसली, आणि नोव्हेंबरात आलं नव्हतं ते रडू आता आलं. पलीकडे तो फोन ठेवत नव्हता, समजूतही घालत नव्हता.

"ऐकतोयस?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"मी यायला नको ना अजून? त्याला भेटायला?"

"नको. महिनाभर तरी नको."

"बरं."

"इमके..." त्याने घसा खाकरला. "त्याला भेटायला नको म्हणालो. मी काही... मी काही घाबरत नाही तुला. म्हणजे घाबरतो. पण खातो-पितो व्यवस्थित."

ती हसली. नाक वाहत होतं, आणि ती हसली. "काय केलंयस जेवायला?"

"वाटाण्याचं सूप. वाटी स्वच्छ आहे."

"किती माणसांचं?"

"पहिल्या शनिवारपासून दोघांचंच करतोय," तो म्हणाला. "उरतं रोज."

तिने फोन ठेवला, उठून तोंड धुतलं, कोट घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, मी जाऊन येते."

"त्या सापाकडे?"

"नाही."

आईने खिडकीवरून मान वळवली. मुलीला तिने नखशिखान्त पाहिलं, सुजलेले डोळे, सैल झालेला स्वेटर, सगळं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मग केस तरी विंचरून जा," ती म्हणाली.