सरस सुकेपर्यंत

“मावशीचा अर्ज नापास झाला!” टकळी धापा टाकत वाचनालयाच्या बांधणीखोलीत शिरली. हातातला कागद तिने टेबलावर टाकला. “अक्षरपंडितांनी शेरा मारलाय. अक्षर डावीकडे झुकतं, म्हणजे बाई लपवाछपवी करणारी. ओळी घसरतात, म्हणजे चिकाटी नाही.”

“मावशीला चिकाटी नाही?” शेजारचा मुलगा, ज्याला सगळे बोका म्हणत, खो खो हसला. “एक फाटकं पान जोडायला ती अख्खी दुपार लावते!”

टकळीचा थोरला भाऊ भिंग हसला नाही. चाळीस वर्षं इथली पुस्तकं आजोबांनी बांधली होती. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून मावशी त्यांच्या जागी तात्पुरती काम करत होती. कायमच्या नेमणुकीसाठी वाचनालयाच्या चिटणीसकाकांनी यंदा अक्षरावरून माणूस पारखणारे अक्षरपंडित बोलावले होते. जागा दुसऱ्याला गेली, तर आजोबांची ही खोलीही हातची जाणार होती.

मावशी मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. तिसऱ्यांदाही तो गेला नाही.

“अक्षरावरून स्वभाव खरंच कळतो?” टकळीने विचारलं.

भिंगने सकाळीच कपाटातलं एक जाड पुस्तक चाळलं होतं. “चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका प्राध्यापकाने यावर लिहिलं. पुढे फ्रान्समधल्या एका धर्मगुरूने यादीच केली. अमुक वळण म्हणजे तमुक स्वभाव. त्याच्या मागून आलेला म्हणाला, सुट्या खुणेला पक्का अर्थ नसतो. नंतर शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं, तर हे अंदाज फारसे टिकलेच नाहीत.”

“म्हणजे आपले पंडित यादीपाशीच थांबलेत,” बोका म्हणाला.

भिंग अर्जाकडे बघत राहिला. “पण मावशी, हे तुझं अक्षरच नाही. तुझं सरळ उभं असतं.”

“शेवटचा दिवस होता. शिपाई दारात खोळंबलेला,” मावशी म्हणाली. “पुस्तकाच्या कण्याला सरस लावून उजव्या हाताने दाबून धरलं होतं. सुकेपर्यंत हात काढायचा नाही, ही बाबांची शिस्त. मग लिहिला डाव्याने.”

“आणि हे सांगितलं नाहीस?”

“सबब वाटली असती रे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाचच मिनिटांत ते दोन पुस्तकं घेऊन चिटणीसांच्या खोलीत हजर झाले.

“सर,” टकळी अक्षरपंडितांना लाडीगोडीने म्हणाली, “या कण्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून स्वभाव सांगाल?”

पंडितांनी चष्मा सावरला. “दोन्ही एकाच माणसाच्या. प्रामाणिक, चिवट. वय साठीच्या पुढे.”

“असं माणूस बांधणीला मिळालं तर, काका?” बोक्याने विचारलं.

चिटणीसकाकांनी सुस्कारा सोडला. “आजच ठेवून घेईन.”

भिंगने दोन्ही पुस्तकांची शेवटची पानं उघडली. बांधणाऱ्याने तिथे पेन्सिलीने तारीख घालायची असते. एक तारीख वीस वर्षांपूर्वीची होती, दुसरी मागच्या महिन्यातली.

“आजोबा हिवाळ्यात गेले, काका,” भिंग हळूच म्हणाला. “दुसरी चिठ्ठी मावशीची आहे. आजोबांनी तिच्याकडून एकेक अक्षर घोटून घेतलंय.”

टकळीने अर्जाची हकिगत सांगितली आणि काकांपुढे कोरा कागद सरकवला. “आता तुम्ही लिहा. डाव्या हाताने.”

काकांचं नाव डावीकडे कलत कागदाच्या कडेवरून खालीच उतरलं.

“अरेरे, काकांची चिकाटी गेली,” बोका पुटपुटला. काकांनाच हसू फुटलं.

पंडितांनी चष्मा काढून चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. “मी वळणं मोजली,” ते म्हणाले. “माणसाला विचारलंच नाही. माझा शेरा मी मागे घेतो.”

चिटणीसकाका तडक बांधणीखोलीत आले. “बाई, नवा अर्ज लिहून द्या. नेमणूक मी आजच करतो.”

“आत्ता नाही जमणार,” मावशी म्हणाली. तिचा उजवा हात पुस्तकावर होता. “सरस ओला आहे.”

काकांनी बाह्या सरसावल्या. “द्या, मी धरतो. या तिघांनी आज माझी लाज राखली. हुशार आहेत पोरं.”

मावशीने हात पुसून पेन घेतलं. भिंग तिच्या खांद्यावरून पाहू लागला. कागदावर एकेक अक्षर सरळ उभं राहत होतं, अगदी आजोबांचं असायचं तसं.

“किती वेळ धरायचं हे?” काकांनी विचारलं.

“सुकेपर्यंत,” टकळीने बजावलं. “तोवर हात काढायचा नाही.”