चिंचेनं घासलेली प्लेट

नीलांबरी त्या शनिवारी घराबाहेर पडली ती आईसाठी बर्फातले बूट आणायला. आई नागपूरहून वेस्ट विंडसरला आली, तेव्हापासून कॅनव्हासच्या बुटांवरच बर्फ तुडवत होती, आणि लेकीनं कितीही डोकं आपटलं तरी ऐकत नव्हती. पण बूट काही त्या दिवशी आले नाहीत. वाटेत एका जुन्या घरासमोर 'इस्टेट सेल'ची, म्हणजे मालक गेल्यावर घरातलं सामान विकायला काढल्याची, पाटी दिसली, आणि अशा पाटीवरून सरळ गाडी नेणं नीलांबरीला आजवर जमलेलं नाही.

आठवडाभर ही बाई औषधांच्या कंपनीत डेटा चाळायची. शनिवार-रविवार मात्र बेसमेंटमध्ये, हाताला काळी शाई फासून. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेषांमध्ये शाई भरायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायचा, हा तिचा नाद. तिचा नवरा देवदत्त त्या प्रेसला 'हिचा दुसरा नवरा' म्हणायचा, आणि पाहुण्यांना तशीच ओळख करून द्यायचा. येत्या शुक्रवारी गावातल्या आर्ट सेंटरमध्ये तिचं पहिलं प्रदर्शन होतं. मुख्य भिंतीवर लावायला मात्र तिच्याकडे काहीच धड नव्हतं. त्या रिकाम्या भिंतीनं तिची झोप उडवली होती.

घर आवरणारी मार्गो ही पिकल्या केसांची बाई. घर तिच्या वारलेल्या आईचं, आणि ती आई म्हणजे ऑगस्ट डेकेनची भाची. नाव ऐकलं आणि नीलांबरीच्या अंगावर सरसरून काटा आला! बेल्जियमच्या समुद्रकाठच्या गावातला तो विक्षिप्त चित्रकार. आयुष्यभर एकाच घरात राहिला, लग्न केलं नाही, आणि शेजारीपाजारी, पाद्री, खाटीक, सगळ्यांना मुखवटे चढवून चित्रांत कोंबत राहिला. त्याच्या चित्रांतल्या जत्रेत हाडांचे सापळे हॅट घालून नाचायचे. लोक त्याच्यावर थुंकायचे, आणि पुन्हा स्वतःला शोधायला त्याचीच चित्रं बघायला यायचे.

आणि इथे, काचेच्या बरण्यांमागे, त्याची एक तांब्याची प्लेट पडली होती! हिरवट, काळपट. कडेला मुखवट्यांची दाटी. मध्यभागी मात्र काळ्या मेणाचा जाड थर.

"ही त्यानं पुढे कधी छापली नाही," मार्गो म्हणाली. "मध्ये त्याची आई होती. कोरली त्या हिवाळ्यात त्यानं बरेच छाप काढले... आणि मग स्वतःच हे मेण ओतलं."

"का?"

"माझी आजी सांगायची, त्यानंतर त्या घरात कोणालाच ती बाई दिसायला कशी होती ते आठवेना. ती समोर बसलेली असायची तरी." मार्गो जरा हसली. "छापायची तर छाप. मेण तेवढं राहू दे."

राहू देणारच होती नीलांबरी. मध्ये काळा डाग आणि भोवती मुखवटे, भिंतीवर काय दिसेल! घरी येईपर्यंत ती गाडीत एकटीच मोठ्यानं बोलत होती. प्लेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि कागद भिजवायला खाली पळाली.

वर आली तेव्हा घरभर चिंचेचा आंबूस वास सुटला होता. सिंकपाशी आई पदर खोचून उभी. तिच्या हातात प्लेट लखलखत होती, देवघरातल्या ताम्हणासारखी.

"आई! काय केलंस हे?"

"काय केलं म्हणजे? इतकं चांगलं तांबं, कसं काळं करून ठेवलं होतं, बापा! आधी उकळतं पाणी ओतलं, मेण सुटलं भराभर. मग चिंच न् मीठ. घासणी नाही लावली हो, नक्षी आहे ना त्याच्यावर. नुसत्या तळहातानं चोळलं."

नीलांबरी रडायच्या बेतात होती. तांब्याचं भांडं काळं दिसलं की आईचा हात आपोआप चिंचेकडे जातो, हे तिला कळायला हवं होतं. पण तिनं प्लेट उजेडाकडे तिरपी धरली, आणि रडू जागच्या जागी थांबलं. एकही रेघ दुखावली नव्हती. मेणाखालून एक बाई वर आली होती. खुर्चीत बसलेली, हात मांडीवर. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती बाह्यरेषा, आत गुळगुळीत तांबं. चेहरा कोरलेलाच नव्हता.

"आई, तू कमाल आहेस!" तिनं आईला मिठीच मारली आणि जिन्याकडे धावली.

शाई भरली, मलमलीनं पुसली, शेवटी तळहातानं. कागद ठेवला, वर ब्लँकेटं टाकली, चाक फिरवलं. प्रेस कण्हत कण्हत सरकली. बेसमेंटच्या उंच खिडकीत बर्फाचा पांढुरका उजेड होता आणि शाईला जवसाच्या तेलाचा वास येत होता. नीलांबरीनं कागद कोपऱ्यातून हलकेच उचलला.

खुर्चीतल्या बाईला चेहरा होता. आईचा.

आईसारखा नव्हे, आईचाच. फुगीर गाल, रुंद कपाळ, भुवयांमधली बारीकशी आठी. नीलांबरीनं प्लेट पाहिली. तिथे अजून नुसतं गुळगुळीत तांबं. भिण्याची वेळ होती ती, पण खरं सांगायचं तर तिला आनंदानं वेड लागायचं बाकी होतं. चिंचेनं तांबं खाल्लं असेल, आईचा तळहात उमटला असेल, काहीही असेल! असला छाप जन्मात कोणी काढला नसेल. ती रिकामी भिंत तिच्या डोळ्यांपुढे भरून गेली. तिनं लगेच पुन्हा शाई भरली. दुसरा छाप पहिल्याहून ठसठशीत आला. त्यात आईचे डोळे ओले होते.

वरून देवदत्तनं हाक मारली, "नीलू, चहा! आणि जरा ये ना यार, आईंचा फोन अनलॉक होत नाहीये."

ती वर गेली. आई टेबलाशी पाठमोरी बसून फोन तोंडासमोर धरत होती. "हा मेला मला ओळखतच नाही आज. सकाळपर्यंत तर बरोबर उघडत होता."

"आई, इकडे बघ."

आईनं मान वळवली. नाक होतं, डोळे होते, ओठ होते. पण नजर त्यांच्यावरून घरंगळत होती. नीलांबरीनं पापण्या मिटल्या आणि त्या काळोखात आईचा चेहरा आठवून पाहिला. आठवला नाही. डोळे उघडले, पुन्हा पाहिलं, पुन्हा मिटले. काही नाही.

देवदत्त तिच्या कानाशी कुजबुजला, "आई आज काही वेगळ्या दिसताहेत का गं? चष्मा बदललाय...? मला सांगताच येत नाहीये."

आईच्या हातातून फोन घेऊन नीलांबरी जिना उतरली. दोन्ही छाप तारेला लटकत होते. तिनं फोन कागदासमोर धरला. तो उघडला.

"नाही..." ती पुटपुटली. "नाही, आई, नाही..."

भिंत गेली खड्ड्यात, शुक्रवार गेला. तिला आई परत हवी होती. शाई अजून ओली होती, आणि ओल्या छापाची शाई पुन्हा दाबून परत उतरवता येते, हे तिच्या हातांना तिच्याआधी आठवलं. तिनं दुसरा छाप उपडा करून प्लेटवर टाकला आणि चाक फिरवलं. मग पहिला. आपण मोठ्यानं रडतोय हेही तिला कळत नव्हतं. "घे, परत घे, तिचं तिला दे..."

कागद उचलले. मुखवटे, सापळे, हॅटा, सगळी जत्रा जागेवर होती. खुर्ची कोरी पांढरी.

ती धावत वर आली. आई फ्रिजवरच्या छोट्या देव्हाऱ्यापाशी उभी होती. वळली. फुगीर गाल, रुंद कपाळ, भुवयांमधली आठी! नीलांबरीनं डोळे मिटले. चेहरा लख्ख समोर होता. तिनं आईला घट्ट धरलं, तिच्या गालांचे मुके घेतले, आणि हसता हसता पुन्हा रडली. देवदत्त बघतच राहिला.

"अगं, काय झालं काय तुला?" आई म्हणाली. "सोड. दिवेलागणीची वेळ झाली."

बाहेर अंधारून आलं होतं, बर्फ निळा दिसत होता. आईनं निरांजन लावलं, हात जोडले, वाटीतली खडीसाखर उचलली आणि लेकीपुढे धरली.

डाव्या हातानं.

नीलांबरी त्या हाताकडे बघत राहिली. लहानपणी डावा हात पुढे केला की प्रसादाआधी आईची चापटी मिळायची. आईच्या नाकातली चमकी उजव्या बाजूला होती. पदर उजव्या खांद्यावर. छापात उलटतं तसं सगळं उलटं.

"घे ना," आई म्हणाली.

तेवढ्यात उघड्या दारातून, बेसमेंटच्या जिन्याच्या तळाकडून आवाज आला. अगदी बारीक, दबलेला, दमलेला, पण आईचाच.

"नीलू... अगं, इथे फार गर्दी आहे गं..."

देवदत्तनं चमकून मान वर केली.

आईनं खडीसाखर तिच्या तळहातावर ठेवली, शांतपणे चालत गेली आणि बेसमेंटचं दार लोटून घेतलं.

"खालून थंडी येऊन राहिली," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं कडी लावली.