मुकं अक्षर

केळ्याच्या वेफर्सचा घाणा काढता काढता शैलाताईंनी लेकीला दम भरला. "केतकी, ती पट्टी सोड आणि मीठ दे इकडे. कुणी आलं तर म्हणेल पोरीला ताप भरलाय."

"आई, मनात वाचतेय मी. बोलू नकोस ना, ठसा बिघडतो."

"हिनं मनात वाचायचं आणि मी गप्प बसायचं! नवलच आहे बाई." मीठ त्यांनी स्वतःच घेतलं.

फैजपूरच्या भारंब्यांच्या घरात ही पट्टी आली ती केतकीच्या एम.ए.च्या अर्जांपायी. इंग्रजी साहित्याला प्रवेश हवा तर पूर्वी निबंध पाठवावा लागे. पुढे यंत्रं असे काही निबंध लिहायला लागली, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं आणि पाठवणाऱ्याला त्यातलं ओ की ठो ठाऊक नसावं. शेवटी विद्यापीठांनी निबंधांचा नाद सोडला आणि 'वाचनठसा' मागायला सुरुवात केली. पट्टी कपाळाला बांधायची, दिलेली पानं मनात वाचायची. कुठल्या ओळीला मेंदूत काय हललं, त्याचा आलेख पट्टी काढते. अजून तरी तो कुणाला खोटा करता आलेला नव्हता.

केतकीनं पुष्कळ ठिकाणी अर्ज केले होते. हाती दोनच जागा लागल्या. एक पुण्यातला छोटा विभाग. तिथे अजून समोर बसवून दोन तास गप्पा मारत आणि प्रवेश देत. पण तिची तुकडी तिथली शेवटची, नंतर विभागाला कुलूप. दुसरी जागा नॉर्थहेवनची, सातासमुद्रापार. तिथलं वाचनालय पाहायला मिळावं म्हणून ती शाळेपासून झुरत होती. नॉर्थहेवननं फक्त आणखी एक ठसा मागितला होता, खात्रीसाठी. तोच ती आज देत होती.

दोन दिवसांनी त्यांच्या भारतातल्या प्रतिनिधी, डॉ. देवस्थळी, पडद्यावर आल्या. बाई गोड बोलणाऱ्या होत्या.

"केतकी, तुझा ठसा फार सुंदर आहे. पण त्यात एक पुरुष वाचतोय."

"म्हणजे?"

"मनात वाचताना आपल्याला एक आवाज ऐकू येतो ना, त्याला आम्ही अंतःस्वर म्हणतो. बहुतेकांचा तो स्वतःचाच असतो. तुझा नाही. वयस्कर माणूस आहे, थांबून थांबून वाचतो. आणि चुकीचं वाचतो. 'आयलंड'ला 'इसलंड' म्हणतो, 'सटल'ला 'सबटल'."

केतकीला एकदम हसू फुटलं. "ते नाना आहेत. माझे वडील."

नाना म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले नामदेव भारंबे सर. त्यांना इंग्रजी शिकवायला कुणी नव्हतं. भुसावळच्या रद्दीवाल्याकडची पुस्तकं आणून ते एकटेच शिकले. त्यामुळे डोळ्यांना दिसेल ते तोंडानं म्हणत. शाळा तपासायला आलेले साहेब हसले, तर नाना त्यांनाच म्हणाले होते, "अहो, अक्षराला पंगतीत बसवायचं आणि वाढायचं नाही, ही कुठली रीत?" केतकीला त्यांनी मांडीवर घेऊन वाचून दाखवलं ते असंच, एकाही अक्षराला उपाशी न ठेवता. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता तोंडातून एकच आवाज निघे, "बा".

"आमच्याकडे वाचक हाच तराजू," देवस्थळीबाई सांगत होत्या. "पारड्यात आधीच कुणी बसलेलं चालत नाही. प्रवेशाआधी स्वरशुद्धी करावी लागेल. दुखत नाही. आठवणी सगळ्या राहतात, आवाज तेवढा जातो."

"परत आणता येतो?"

"नाही गं."

केतकीनं त्या संध्याकाळी घरातले सगळे जुने व्हिडिओ उपसले. नाना होते त्यांत. 'गॅस बंद केला का' म्हणणारे, लग्नाच्या मांडवात 'आधी जेवून घ्या' म्हणून ओरडणारे. पण वाचणारे नाना कुणी कधी टिपलेच नव्हते. रोजच्या गोष्टीचा कोण व्हिडिओ काढतो? तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, तिच्या डोक्यात.

"मी पुण्याला जाते," तिनं आईला सांगून टाकलं.

"मला नको सांगू. त्यांना सांग," शैलाताई म्हणाल्या. "जन्मभर तुझ्यासाठी नॉर्थहेवन-नॉर्थहेवन करत होते ते. मला तर आधी ते औषधाचं नाव वाटायचं."

नाना ओसरीवर खुर्चीत होते. बापलेकीची एक रीत पडून गेली होती. केतकी शेजारी बसून, नानांनी लहानपणी वाचून दाखवलेलं ते जुनं समुद्रसफरीचं पुस्तक मनात वाचायची आणि नाना तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. त्यातलं ते बेट, नानांचं 'इसलंड', आलं की तिला हटकून हसू यायचं. मग नानाही अर्ध्या ओठानं हसायचे. त्यांना कळायचं, की पोरीच्या डोक्यात आपणच वाचतोय.

तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाली, "मला नाही जायचं नाना. तुम्हाला पुसून कुठं जाऊ मी?"

नानांनी डाव्या हातानं पाटी ओढली. लिहिणंही बहुतेक गेलं होतं, पण काही इंग्रजी अक्षरं अजून निघत. वाकडीतिकडी, मोठी मोठी अक्षरं त्यांनी मांडली. आय, एस, एल, ए, एन, डी. मग खडू मागे नेला आणि एसवर काट मारली.

केतकी ओक्साबोक्शी रडली. पाटीवरची ती काट पुसायला तिनं हात पुढे केला, तर नानांनी तिचं मनगट धरलं. डाव्या हातात अजून मास्तरकीचा जोर होता. तिनं नॉर्थहेवनला होकार कळवला.

स्वरशुद्धी पुण्यातल्या केंद्रात झाली. खरंच दुखलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी होती. शैलाताई वेफर्सच्या पिशव्या बॅगेत कोंबत होत्या, "तिकडं काय मिळणार आहे, घे गुमान," असं म्हणत पदरानं डोळे टिपत होत्या. केतकी ओसरीवर नानांशेजारी बसली आणि तिनं तेच पुस्तक उघडलं. वाचन किती सरळ चाललं होतं! कुठे अडत नव्हतं. तिनं पान उलटलं.

नानांचा डावा हात पुढे आला. त्यांनी पान पुन्हा मागे केलं आणि एका शब्दावर बोट ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय हवंय नाना? पाणी देऊ?"

बोट हललं नाही. तिनं खाली पाहिलं. बेट येऊन गेलं होतं. ती हसली नव्हती.

"इसलंड," ती घाईघाईनं मोठ्यानं म्हणाली. "इसलंड, नाना! लक्षात आहे माझ्या!" पण तो तिचाच आवाज होता. पाठ केलेलं उत्तर द्यावं, तसा. ती पुन्हा म्हणाली, हळू, थांबून, जाड आवाज काढून. तसं नव्हतं ते. आणि तसं म्हणजे कसं, तेच आता आठवत नव्हतं.

नाना हसले, अर्ध्या ओठानं. तिला बरं वाटावं म्हणून हसले, हे तिला कळलं.

तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "नाना, कसं म्हणायचात हो तुम्ही? एकदाच सांगा ना, कसं म्हणायचात?"

नानांनी ओठ जुळवले, मान ताणली, सगळा जीव एकवटला.

"बा," ते म्हणाले.