तिसरं ताट

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी कुणाला पटवायला बसलेले नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलं, तेवढंच सांगते.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. अकिताच्या डोंगरात, नदीच्या काठाला गरम झऱ्याची एक जुनी सराय आहे. चारी बाजूंनी जंगल. माझे आई-बाबा दर वर्षी पानगळ सरली की तिथे जायचे.

बाबा उन्हाळ्यात गेले आणि आईने अन्न टाकलं. दोन घास खायची, ताट सरकवायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हिवाळा निघणं कठीण आहे. मला ना भाऊ, ना बहीण. आई गेली की माझं म्हणावं असं कुणी उरणार नव्हतं. मी घाबरले होते.

म्हणून तिला तिथे घेऊन गेले.

खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या आई मालकीणबाईंना म्हणाली, "जेवणाला तीन ताटं हं. हे मागून येताहेत."

मालकीण तोमिएबाई. सत्तरी गाठलेली, पण पाठ ताठ आणि जिभेला धार. त्यांनी मला दाराबाहेर ओढलं.

"कायो, आईला आवर."

"एका ताटाने काय बिघडतंय, तोमिएबाई?"

"अगं, जास्तीचं ताट प्रवासाला गेलेल्या माणसासाठी वाढतात. तो सुखरूप परत यावा म्हणून! मेलेल्या माणसाला घरच्या देव्हाऱ्यात भात ठेवायचा. असं आसन घालून ताट मांडलं, तर ते बोलावणं होतं."

"त्या ताटाच्या नादाने ती चार घास खाईल. मला तेवढंच हवंय. माझ्या नावावर वाढा."

"हट्टात बापावर गेलीस अगदी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वाढते. पण ध्यानात ठेव, ज्याने बोलावलं त्यानेच निरोप द्यायचा असतो. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत ते."

मला हसू आलं. म्हातारी माणसं, म्हटलं, चालायचंच.

जेवणाआधी आई अंघोळीला गेली. सामान लावून मी मागोमाग निघाले. बाहेर अंधारायला लागलं होतं. सरायीत आमच्याशिवाय पाहुणे नव्हते. बायकांच्या स्नानघराशी आले आणि थबकले.

पडद्याखाली आईच्या सपाता होत्या.

आणि त्यांना खेटून... आणखी एक जोड.

मोठ्या मापाचा. पुरुषाचा.

आतून आईचं हसणं ऐकू आलं. उन्हाळ्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मग लाकडी घंगाळ दगडावर आपटल्याचा आवाज. मग पाणी अंगावर ओतल्याचा.

मग... काहीच नाही.

नदीसुद्धा गप्प. त्या सरायीत नदीचा आवाज कधी थांबत नाही. झोपेतही कानात असतो.

त्या क्षणी तो नव्हता.

मी धावत आत गेले. उघड्यावरच्या कुंडावर वाफ दाटलेली. पार पलीकडच्या कोपऱ्यात आई हनुवटीपर्यंत पाण्यात बसली होती. मान एका बाजूला कललेली. कुणाच्या तरी खांद्यावर टेकवावी तशी.

"सरका की थोडं," ती त्या बाजूला बघून म्हणाली. "कायो आलीय."

मी तिचा हात धरून ओढलं.

हात बर्फासारखा गार होता.

एवढ्या गरम पाण्यातून निघालेला हात!

तिला कसंबसं कपड्यांत गुंडाळून बाहेर आणलं. पडद्याखाली आता आमच्या दोघींच्याच सपाता होत्या. नदी पुन्हा वाहत होती.

"आई, आत कोण होतं?"

"असं काय विचारतेस वेड्यासारखं? चल, भूक लागलीय मला."

भूक लागलीय! तो शब्द ऐकून मी बाकीचं सगळं गिळलं.

खोलीत तीन ताटं मांडलेली होती. आई जेवली. खरोखर जेवली. भाजलेला मासा, अळंबी, भात. माशाचा चांगला तुकडा तिने बाबांच्या ताटात ठेवला आणि रागावली, "खा ना, गार होतंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानेच.

मग सूपवाटीचं झाकण काढायची वेळ आली.

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. प्रवाशासाठी वाढलेल्या वाटीचं झाकण उचलायचं. आतून पाणी सुटलेलं असलं, तर माणूस जिवंत आहे, खुशाल आहे. कोरडं असलं, तर... जाऊ दे.

मी माझं उचललं. ओलं.

आईने बाबांचं उचललं. पाणी टपटप गळत होतं.

मग तिने स्वतःचं उचललं. वाटीतून वाफ निघत होती.

झाकण कोरडं होतं.

मी ते हातात घेऊन बोट फिरवलं. ठणठणीत कोरडं.

तोमिएबाईंचं बोलणं आठवलं: ज्याने बोलावलं त्यानेच निरोप द्यायचा. मी त्या रिकाम्या आसनापुढे कपाळ टेकलं.

"बाबा, मीच बोलावलं तुम्हाला. आता जा. आईला नका नेऊ. माझ्यासाठी जा."

मला रडू आवरेना. ज्या बापाने मला खांद्यावर बसवून डोंगर दाखवले, त्याला मी भरल्या ताटावरून उठवत होते.

खोलीत कुणी हललं नाही.

मग दार सरकलं. आपोआप... वीतभर.

पडवीतून पावलं जाऊ लागली. हलकी, भरभर. स्नानघराच्या दिशेने. दूर गेली आणि विरली.

"गेले," मी म्हटलं.

आईने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"कायो, कुणाला घालवलंस गं तू? हे तर इथेच बसलेत."

सकाळी निघताना मी तोमिएबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पावलं जड होती की हलकी?"

"हलकी." सांगतानाच आठवलं, बाबांची पावलं जड पडायची.

त्या आत गेल्या. मयताहून आलेल्या माणसावर टाकतात तसं मूठभर मीठ आणून माझ्या खांद्यांवर टाकलं.

आईवर टाकलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

आता आई माझ्याकडे असते. हिवाळा निघाला. अंगाने भरलीय, दोन-दोन वेळा भात मागून घेते. डॉक्टर म्हणतात, नवल आहे. रोज तीन ताटं मांडते आणि जेवताना शेजारी बघून हसते. माझी आई मला मिळाली, मी सुखात असायला हवं.

पण एकेकदा ती माझ्याकडे बघते, आणि मला क्षणभर ओळखच पटत नाही.

पुन्हा एकदा "जा" म्हणावं, असं फार वाटतं. जीभ रेटत नाही.

या वेळी कोण उठून जाईल, मला माहीत नाही.