घाईनं म्हातारं झालेलं गाव

टक्!

स्वयंपाकघरात आजीच्या पर्सचा खटका मिटला. पाथरवटाला द्यायचे म्हणून बाहेर काढलेले पैसे पुन्हा आत गेले होते.

"ठरलं तर मग," आजी म्हणाली. "दगडावर तिचं नाव नको."

"आई, नको असं नाही गं. चुकीचं नको, एवढंच म्हणतोय." मॅलाकीमामानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघ, १९०१ची जनगणना. साबिना रफ्टर, विधवा, वय चौपन्न. आता ही १९११ची. तेच घर, तेच नाव आणि वय? त्र्याहत्तर! दहा वर्षांत कुणी एकोणीस वर्षांनी म्हातारं होतं का? शिवाय मृत्यूंच्या सूचीत साबिना रफ्टर आहे, १९०३ साली. खरी साबिना तेव्हाच गेली. नंतर त्या घरात राहिली ती दुसरीच कुणीतरी बाई!"

"त्या दुसऱ्याच कुणीतरी बाईनं माझ्या वडलांना वाढवलंय, मॅलाकी," आजी हळूच म्हणाली. "मरेपर्यंत ते तिला आजीच म्हणत होते."

ती उठून खिडकीशी गेली. तिचा चहा तसाच राहिला. बारा वर्षांच्या डर्व्हलानं तो कप झाकून ठेवला. दर जुलैत सगळं गाव कबरी घासूनपुसून, फुलं ठेवून रविवारी तिथं प्रार्थनेला जमतं. यंदा त्याआधी कुटुंबाच्या कबरीवरच्या दगडावर साबिनाचं नाव कोरून घ्यायचं, हे आजीनं वर्षभर मनात धरलं होतं. पाथरवट उद्याच येणार होता!

मागच्या शेडमध्ये तातडीची बैठक भरली. डर्व्हला, तिचा धाकटा भाऊ फिन्टन आणि मॅलाकीमामाचा मुलगा टायग. टायगनं बाबांचा लॅपटॉप लांबवला होता.

"मला तर सरळसरळ गुन्हा दिसतोय," टायग आवाज खाली आणून म्हणाला. "ती बाई आली, तिनं नाव चोरलं, घर चोरलं आणि पोरगंही चोरलं!"

"पोरगं कशाला चोरेल? पोरं खातात किती!" डर्व्हला म्हणाली. पण तिच्याही मनात संशयाचा किडा वळवळत होताच. शाल ओढून घेतलेली एक अनोळखी बाई तिला दिसू लागली. मेलेल्या साबिनाच्या खुर्चीत बसलेली. आणि समोर सहा वर्षांचा मार्टिन, आजीचे वडील.

"मी दाबू? मी दाबू?" फिन्टन मध्ये घुसला.

"तू लहान आहेस."

"मी साडेसात वर्षांचा आहे!" म्हणत त्यानं बटण दाबलंसुद्धा. पडद्यावर शेजारच्या घराचं पान आलं.

"अरे गाढवा, हे गिल्डींचं घर आहे!"

"असू दे की. पॅट गिल्डी, चौऱ्याहत्तर. आधीच्या वेळी किती होता?"

डर्व्हलानं कुरकुरत १९०१चं पान काढलं. पॅट गिल्डी, छप्पन्न.

तिघांची डोकी पडद्याला भिडली.

"हापण चोर!" फिन्टन किंचाळला.

"श्श! पुढचं घर काढ," टायग म्हणाला.

पुढच्या घरातली ब्रिजेट सत्तावन्नवरून पंच्याहत्तरवर पोहोचली होती. त्यापुढचा लंगडा शिंपी तर वीस वर्षं ओलांडून बसला होता!

"अख्खं गावच चोरांचं?" टायग चक्रावला. "का इथल्या पाण्यात काही होतं?"

"थांब. पाण्यात असतं तर पोरंही वाढली असती." डर्व्हला रकान्यांवरून भराभर बोट फिरवू लागली. "गिल्डींची केट चारची चौदा झालीय. बरोब्बर दहा! शिंप्याचा मुलगाही दहानंच वाढलाय. फक्त पन्नाशीतली माणसं उड्या मारतायत. आणि सगळी सत्तरीच्या पलीकडेच जाऊन पडतायत. एकही अलीकडे नाही!"

"म्हणजे सत्तरीला काहीतरी मिळत होतं," टायग म्हणाला. "पण काय? बक्षीस?"

मामानं तर एवढं एकच घर उघडून निकाल दिला होता!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आजीबरोबर तिघंही पोस्टात गेली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या डिनीनं मागे वळून डोळा मिचकावला. "काय नुआला, तुला देतात होय अजून पेन्शन? दिसतेस तर पन्नाशीची!"

"तुझ्यासारखं तोंड बघून देत नाहीत. कार्ड बघून देतात," आजीनं फटकारलं आणि कार्ड काढायला पर्स उघडली.

टक्!

डर्व्हलाच्या डोक्यातही काहीतरी टक् झालं.

"आजी! पेन्शन पूर्वी कितव्या वर्षी मिळायची?"

"सुरू झाली तेव्हा सत्तरीला. माझे वडील लहान होते. का गं?"

टायगनं केव्हाच मोबाइल काढला होता. "१९०९ला सुरू झाली!" तो ओरडला, आणि रांगेतली सगळी डोकी वळली.

"आणि जन्माचा दाखला मागितला तर?" डर्व्हलानं विचारलं.

"कुठला दाखला, बाळा? आपल्याकडे जन्मांची सरकारी नोंद १८६४ला सुरू झाली," काचेपलीकडून पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "त्याआधी जन्मलेल्यांनी दाखवायचं काय? सांगतील ते वय!"

तिघं घराकडे धावत सुटली. पण दारात पोचता पोचता डर्व्हला थांबली. साबिना चोर नव्हती, ठीक. पण मग ती खोटारडी होती? हे आजीला कसं सांगायचं? आणि १९०३ साली मेलेली ती कोण? नुसती सूची बघून मामा फसला होता. तसं आपलं होऊ द्यायचं नाही. तिनं लॅपटॉपवर मृत्यूंच्या मूळ नोंदवहीचं पानच उघडलं. मग सूचीत त्याच नावाची आणखी एक नोंद होती, १९२६ची, तिचंही. आणि ते वाचून तिनं टायगला असा चिमटा काढला, की तो कळवळला.

कबरस्तानात पाथरवटानं छिन्नी टेकवली होती. आजीनं नको म्हटलं, तरी खऱ्या साबिनाचं नाव हवंच म्हणून मामा शेजारी उभा राहून सांगत होता, "साबिना, मृत्यू १९०३..."

"काका, थांबा! छिन्नी उचला!" तिघं भिंतीवरून उडी मारून आली. त्यांना पळताना बघून पोस्टातून परतणारी आजीही मागून धापा टाकत फाटकातून आली.

"मामा, आपली साबिना विधवा होती ना?" डर्व्हलानं साळसूदपणे विचारलं.

"अर्थात!"

"मग हे वाच ना जरा मोठ्यानं. तुझी १९०३ची साबिना."

मामानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "साबिना रफ्टर... कुमारिका..." त्याचे कान लाल झाले. "लग्नच झालं नव्हतं?"

"बाबा, सूचीत हे नसतं. आतलं पान उघडावं लागतं," टायग गंभीरपणे म्हणाला. आयुष्यात एवढी मजा त्याला कधी आली नव्हती.

"आणि ही १९२६ची. साबिना रफ्टर, विधवा. मृत्यूच्या वेळी हजर: नातू मार्टिन." डर्व्हला आजीकडे वळली. "आजी, ती तीच होती. आधीपासून शेवटपर्यंत. फक्त... तिनं वय वाढवून सांगितलं. पेन्शनसाठी. सगळ्या गावानंच सांगितलं."

आजी दगडाला टेकून हसू लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. "माझ्या वडलांचा बाप स्कॉटलंडला बटाटे काढायला गेला तो आलाच नाही, आई तर आधीच गेलेली. घरात काहीच नव्हतं. तरी माझे वडील म्हणायचे, आजीनं मला उपाशी म्हणून झोपवलं नाही. कसं जमवलं, ते आज कळलं!"

"हरलो बुवा," मामानं कान पकडले. "पुढच्या वेळी मी शोधणार आणि तुम्ही तिघं तपासणार. पोरांनो, तुमच्यामुळे माझ्या हातून होणारी दगडावरची चूक टळली."

"दगडावरची नव्हे," आजीनं डर्व्हलाला जवळ ओढलं. "माझं माणूस मला परत आणून दिलंत रे."

पाथरवट खाकरला. "नाव कोरतो. वय काय घालू?"

"पहिल्या जनगणनेनं धरलं तर एकोणऐंशी," टायग म्हणाला, "दुसरीनं अठ्ठ्याऐंशी. आणि मृत्यूच्या नोंदीत नव्वद!"

"नुसतं नाव घाला," आजी म्हणाली, आणि पर्स उघडली. टक्.

छिन्नीचा पहिला घाव बसला. फिन्टन हाताची बोटं मोजत, पुन्हा मोजत उभा होता. त्यानं डर्व्हलाची बाही ओढली.

"ताई, दाखलाच नव्हता ना तिच्याकडे?"

"नव्हता."

"मग ती खरं किती वर्षांची आहे, ते तिला स्वतःला तरी माहीत होतं का गं?"