शटर उघडं असताना

नल्लमलाच्या जंगलात, डोंगराच्या पोटात एक गुहा आहे. तिचा एक नीट फोटो काढायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं ऑक्टोबरातल्या एका पहाटे शहरातून, तारनाक्याच्या घरून निघालो. आमचे हे, म्हणजे हिम्मतराव, गाडीत पुढं. मागं मी आणि माझ्या मांडीवर जुना फिल्मचा कॅमेरा. गाडी आमची मुलगी अश्विनी चालवत होती. कुकटपल्लीच्या ऑफिसातून तिनं सुट्टी काढली होती.

लग्नानंतरच्या वर्षी आम्ही दोघं त्या गुहेच्या तोंडापर्यंत पोचलो होतो. पण नाला ओलांडताना फ्लॅशच्या बॅटऱ्या भिजल्या आणि हात हलवत परत यावं लागलं. मग ह्यांची रेल्वेतली नोकरी, माझी शाळेतली गणितं, संसार. रविवार मात्र कॅमेऱ्याचा. उस्मानसागर तलावाच्या बांधावर मी उजेड मोजून शटरचा आणि छिद्राचा आकडा सांगायचे, "एकशे पंचविसावा, अकरा," आणि हे "हौ" म्हणून कळ दाबायचे. त्या वर्षांत आमच्यात याहून गोड बोलणं फारसं झालं नसेल.

आता ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर डोंगर विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मग त्याच्या आधी जाऊन येऊ," हे म्हणाले होते.

जंगलात गुरवय्या भेटला. चेंचू आदिवासींच्या वस्तीतला पन्नाशीचा माणूस, वनखात्यानं दिलेला वाटाड्या. त्याच्यामागून आम्ही दरीत उतरू लागलो. सागाची पानं हत्तीच्या कानांएवढी पसरलेली, बांबूच्या जाळ्यांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी सांडत होतं. हे काठी टेकत चालले होते, पण चेहरा पंचविशीतला झाला होता.

"हल्लू चला, बाबा," अश्विनी म्हणाली.

"हल्लूच चाललोय. तुझी आई तेव्हा या उतारावर पळत होती, ठाऊक आहे?"

नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. गुरवय्यानं दोर बांधला. सामान डोक्यावर घेऊन एकेक जण पार झाला. पुढच्या कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी लोंबत होती, काळी, दाराएवढाली. त्यांच्याखालून आम्ही श्वास रोखून सरकलो. एक माशी माझ्या मनगटावर येऊन बसली. मी हलले नाही. ती उडाली तेव्हाच मी पुढचं पाऊल टाकलं.

मग गुहा आली. तोंडातून आत जाऊन एक वळण घेतलं की काळोख, आणि त्यात देवळाच्या मंडपाएवढा प्रचंड पोकळ भाग.

"मोबाईलवर नाईट मोड आहे ना," अश्विनी म्हणाली.

"इथं रात्रीइतकाही उजेड नाही," मी म्हटलं आणि हिशेब मांडला. एका फ्लॅशनं एवढी गुहा उजळत नाही. म्हणून कॅमेरा तिवईवर ठेवायचा, शटर उघडं सोडायचं आणि अंधारातच एकेक भिंत फ्लॅशनं उजळत जायची. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईच उरतो. फ्लॅशची ताकद चाळीस, भिंत पाच मीटरवर, म्हणजे भागाकार आठ, तोच छिद्राचा आकडा. पण खडक काळा, उजेड पिणारा. त्यासाठी छिद्र एक घर मोठं करून पाच पूर्णांक सहावर. "प्रत्येक वेळी भिंतीपासून तेवढीच लांब राहा," फ्लॅश अश्विनीच्या हाती देत मी बजावलं. "आणि शटर उघडं असताना कॅमेऱ्यासमोर दुसरा दिवा नको. एक दिवा लागला तर सगळं जाईल."

"पाच सहा," मी म्हटलं.

"हौ," हे म्हणाले, आणि शटर उघडलं.

पहिला झगमगाट! छतापासून लोंबणारे दगडी पडदे क्षणभर दिसले आणि विझले. दुसरा झगमगाट आणखी आत. तिसऱ्याला ह्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं नुसते पाहत होतो.

तेवढ्यात बाहेर थांबलेला गुरवय्या ओरडला, "नीळ्ळु वस्तुन्नायि! पाणी येतंय, निघा!"

वर डोंगरात कुठंतरी पाऊस झाला असावा. माझ्या पायाशी गार, गढूळ पाणी आलं.

"अश्विनी, परत ये!"

आतून धप्प आवाज आला. मग तिचा आवाज, घाबरलेला. "आई, पाय अडकला. फ्लॅश पाण्यात गेला. काहीच दिसत नाही."

चार्जिंगचा कंदील ह्यांच्या हातात होता. शटर अजून उघडं होतं. मी काही बोलायच्या आत ह्यांनी कंदील लावला आणि कॅमेऱ्याच्या थेट समोरून आत निघाले. काठी इथंच राहिली. पाणी घोट्यावर. मग पोटरीवर. कंदील एका जागी थांबला, हेलकावला, पुन्हा पुढं गेला.

"दगड हलव, बाळा. मी धरलाय. ओढ!"

कंदील परत येऊ लागला. त्याच्यामागं दोन आकृत्या, एकमेकांना धरून. मी शटर बंद केलं, तिवईसकट कॅमेरा उचलला आणि तिघं गुहेबाहेर पडलो. गुरवय्यानं एकेकाला वरच्या कपारीत ओढून घेतलं. खाली नाला गर्जत गुहेत शिरला. पाणी ओसरेपर्यंत आम्ही चौघं तिथं चिकटून बसलो. अश्विनीचा घोटा सुजला होता. ह्यांच्या गुडघ्याबद्दल तर बोलायची सोय नव्हती.

"फोटो गेला तुमचा," ती म्हणाली.

"तू आहेस ना," हे म्हणाले आणि ओल्या बाहीनं तिचं तोंड पुसलं.

फिल्म धुऊन आली तेव्हा ह्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. पलंगावर बसून तिघांनी प्रिंट पाहिली. कडेला दगडी पडदे होते, फिकट पण खरेखुरे. मधोमध मात्र कंदिलाची पांढरी रेघ, वेडीवाकडी, आत गेलेली आणि परत आलेली. एवढ्या उजेडानं फोटोतली निम्मी गुहा जळून गेली होती.

अश्विनीनं रेघेवरून बोट फिरवलं. "इथं थांबलात तुम्ही."

"गुडघा."

बोट आतल्या टोकाला गेलं. तिथं उजेडाचा मोठा डाग पडला होता.

"आणि इथं?"

"इथं तुझा हात लागला," हे म्हणाले.